मोजा म्हणजे एक

फॉर्म दोनच पानांचा होता. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, ब्लड ग्रुप, शिक्षण... एवढं सगळं मी कॅन्टीनमध्ये चहा येईपर्यंत भरून टाकलं. मग शेवटी तीन प्रश्न आले. तुम्ही आधी कोणाला शिकवलं आहे? कोणत्या भाषेत? आणि तुम्हाला इथे का यायचं आहे?

तिसऱ्याचं उत्तर लगेच सुचलं. ‘गरीब मुलांपर्यंत ज्ञानाचा प्रकाश’ वगैरे, एकदम झकास इंग्रजीत. (बारा वर्षं एलोक्युशनमध्ये बक्षिसं घेतल्याचा फायदा!) पहिल्या दोन प्रश्नांपाशी मात्र पेन अडलं ते अडलंच.

फॉर्म कसला ते आधी सांगते. आमच्या विदर्भात कुठल्याही इंग्लिश शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. चार खोल्या आणि पत्र्याचं छप्पर असलं तरी पाटीवर कॉन्व्हेंट! पण माझं खरंखुरं कॉन्व्हेंट होतं, सिस्टर असलेलं. आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, पण ‘पोरगी इंग्लिश शिकली पाहिजे’ म्हणून पहिलीपासून मला चंद्रपूरला मावशीकडे ठेवलेलं. गावाला जायचं ते फक्त सुट्टीत, बल्लारपूर-कोठारीमार्गे एस.टी.ने, पाहुणीसारखं.

मागच्या दिवाळीत शाळेत सहज भेटायला गेले, तर आमच्या गणिताच्या सिस्टर म्हणाल्या, “आमच्या लोकांची टांझानियात मुलींची शाळा आहे. गणित शिकवायला सहा महिन्यांसाठी कोणीतरी हवंय. फायनल इयर झाल्यावर जातेस?” राहणं-खाणं त्यांचं, पगार नाही, तिकीट अर्धं आपलं.

मी तर हवेतच! हॉस्टेलवर येऊन पूर्ण विंगला सांगून झालं. बाबा म्हणाले, “प्लेसमेंटचं काय?” आजीचं वेगळंच. “काऊन वो बाई, इथची पोट्टी सरली का?” आणि मग हळूच, “बाटवतील तर नाई ना तुले?”

सिस्टरना फोन करून सांगितलं की दोन प्रश्न अडलेत. त्या हसल्या. “मग आधी घरी एक महिना शिकव, मग फॉर्म पाठव. जूनअखेरपर्यंत वेळ आहे.”

म्हणजे झालं काय, की टांझानियाला जायला निघालेली मी, पेपर संपल्यावर पोचले आमच्या गावात!

मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आजीच्या अंगणात, संध्याकाळी सातला, पाचवी ते आठवीची अकरा मुलं जमली. फळा म्हणून प्लायवूडला काळा रंग मारला. विषय निवडला अपूर्णांक, कारण तो मला ‘सोपा’ वाटला.

मी म्हटलं, “वरच्या नंबरला म्हणतात न्यूमरेटर...” सगळे गप्प. “मराठीत काय म्हणतात बरं...” मला खरंच आठवेना. आठवेल कसं, शिकलेच नव्हते!

“अंश, म्याडम,” एक मुलगी म्हणाली. “खालचा छेद.”

पुढचा अर्धा तास मी अंश-छेदाची अदलाबदल करत होते आणि मुलं माना हलवत होती. मधेच एकाने “पानी पिऊन येतो” म्हटलं, तर मी सवयीने “पाणी म्हण, पाणी!” केलं. आमच्या झाडीपट्टीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. शाळेला आजीसुद्धा ‘शारा’च म्हणते. पण माझ्या शाळेत मला असंच टोकलं होतं, आणि मी तेच पुढे चालवलं. तो मुलगा पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही.

चौथ्या दिवशी मुलं उरली पाच.

त्या रात्री बाजेवर पडून मला माझी रूममेट आठवली. ती दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि गावच्या मराठी शाळेत शिकलेली. फर्स्ट इयरला एम-वनच्या लेक्चरला सर ‘डिटरमिनंट’ म्हणाले की तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. रात्री ती डिक्शनरी घेऊन बसायची. एकदा तिने ‘निश्चयक’ म्हणजेच डिटरमिनंट ना, असं विचारलं आणि मी हसले होते. नुसती हसले नव्हते, बाजूच्या रूममध्ये जाऊन सांगितलंही होतं. आता अकरातली सहा मुलं माझ्या अंगणातून निघून गेल्यावर कळलं, की तिला तेव्हा कसं वाटलं असेल. तिला गणित येत होतं. फक्त आमच्या भाषेत येत नव्हतं.

मे म्हणजे आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे चारलाच बाया-माणसं जंगलात निघतात, वाघाच्या भीतीने घोळक्याने. दहा-अकरापर्यंत पानं घेऊन घरी, मग अख्खं घर पुडे बांधत बसतं. आपल्या महाराष्ट्रात एका पुड्यात सत्तर पानं आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. संध्याकाळी ते पुडे संकलन केंद्रावर मोजून द्यायचे. माझ्या वर्गातली मुलं दुपारभर हेच करून यायची. मला वाटायचं कंटाळलेली आहेत. ती दमलेली असायची.

पाचव्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, “आज घरी किती पुडे झाले?”

“दोनशे साठ,” सातवीतला एक मुलगा म्हणाला. (याला मी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात ‘वीक’ ठरवलं होतं.)

“मग पानं किती?”

मी फळ्यावर गुणाकार मांडायच्या आत तो म्हणाला, “अठरा हजार दोनशे.”

“कसं?”

“अडीचशेचे साडेसतरा हजार, अन् वरच्या दहाचे सातशे.”

आता खरं सांगते, हसू नका. ‘साडेसतरा’ म्हणजे किती, यावर मी दोन सेकंद थांबले! आणि मग लक्षात आलं की या पोराने डिस्ट्रिब्यूटिव्ह लॉ वापरला. मी तो सातवीत नावासकट पाठ केला होता. त्याला नाव माहीत नव्हतं, पण तो रोज वापरत होता.

दुसऱ्या दिवशी आजीने मापं काढून दिली. पावशेर, अच्छेर, शेर आणि मोठी पायली. चार शेरांची एक पायली. आता तांदूळ दुकानातून किलोनेच येतो, पण घराघरांत ही मापं अजून आहेत. मी विचारलं, “पावशेर आणि अच्छेर मिळून किती?” पाचवीतल्या पोरीनेसुद्धा उत्तर दिलं, “पाऊण शेर!” मग फळ्यावर एक चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश लिहिलं आणि बरोबर तीन चतुर्थांश लिहिलं. छेद सारखा का करायचा, हे तांदूळ ओतूनच दिसलं. अच्छेरात दोन पावशेर बसतात, झालं! पायलीचा शेर म्हणजे एक चतुर्थांश, हे तर त्यांनीच मला सांगितलं. महिना संपताना अंगणात चौदा मुलं होती. ‘पानी’वाला पण परत आला. मी त्याला पुन्हा टोकलं नाही. वहीत मात्र तो आपणहून ‘पाणी’ लिहितो, हे मी पाहिलं.

दुपारी उन्हामुळे बाहेर पडता यायचं नाही, तेव्हा सावित्रीबाईंचं एक चरित्र वाचत होते. त्यात सिंथिया फॅरार भेटल्या. तुमच्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? मला नव्हतं. १८२७ साली ही अमेरिकन बाई शिडाच्या जहाजाने मुंबईला आली, मुलींना शिकवायला. अमेरिकन मिशनने परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी ही एक. १८३९ पासून त्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला होत्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे नगरला फॅरारबाईंकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात.

म्हणजे मी जशी परक्या देशात शिकवायला निघाले होते, तसं कोणीतरी जवळपास दोनशे वर्षांपूर्वी आमच्याकडे येऊन गेलं होतं! फरक एवढाच की मी सहा महिन्यांसाठी निघाले होते, आणि त्या आयुष्यभरासाठी आल्या होत्या. शिकवायच्या आधी त्यांना मराठी शिकावी लागली.

उलटा प्रवासही झालेला आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती सिस्टरांकडे राहून इंग्रजी शिकल्या, आणि मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकता शिकता संस्कृत शिकवलं. मराठी मुलुखातली एक बाई परदेशातल्या ख्रिस्ती संस्थेत शिक्षिका, तेही १८८० च्या दशकात! पुरुष विद्यार्थ्यांना तिने शिकवू नये, म्हणून बिशपांनी हरकत घेतली होती. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला, पण धर्मगुरू म्हणतील ते सगळं मुकाट ऐकलं नाही.

इतकं लांब कशाला, आमच्या गोंडपिपरीवरूनच पुढे आष्टी, आलापल्ली करत रस्ता हेमलकशाला जातो. १९७३ पासून तिथे असलेल्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली, तेव्हा कुठे पेशंट बोलू लागले.

आता आजीचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेला नाही, कारण तो खोटा नाही. फॅरारबाईंच्या शाळेत बायबल होतंच, आणि धर्म पोचवावा हाही मिशनचा हेतू होताच. पण सावित्रीबाईंनी तिथून शिकवण्याची विद्या घेतली, ती स्वतःच्या पद्धतीने वापरली आणि धर्म काही बदलला नाही. मी स्वतः बारा वर्षं सकाळची प्रेयर म्हटली आणि महाशिवरात्रीला आजीचा हात धरून मार्कंड्याच्या जत्रेला गेले. शिकणारा आपल्याला हवं ते घेतो, एवढा विश्वास शिकणाऱ्यावर ठेवायला हवा. उलट भीती मला माझीच वाटते. तिथे जाऊन मी ‘असं नाही, तसं बोला’ करत बसले, तर मीही बाटवणारीच की! ‘पानी’वाल्या मुलाला विचारा.

सिस्टरना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी केरळातून आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिसरीच्या पोरांनी शिकवली मला. आधी हसली, मग शिकवली.” बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण हे मी कधी विचारलंच नव्हतं.

टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिली भाषेत असते आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी सुरू होतं. म्हणजे तिथेही माझ्या रूममेटसारख्या मुली वर्गात बसलेल्या असणार, गणित येत असलेल्या आणि गप्प.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी फॉर्म पूर्ण केला. आधी कोणाला शिकवलं? ‘माझ्या गावच्या चौदा मुलांना, एक महिना.’ कोणत्या भाषेत? ‘मराठीत. ती मुलं मला अजून शिकवत आहेत.’ का यायचं आहे? ज्ञानाचा प्रकाश खोडला. लिहिलं, ‘मला गणित येतं. तुमच्या मुलींना ते त्यांच्या भाषेत कसं येतं, ते पाहून मग शिकवायचं आहे.’ पाठवण्याआधी रूममेटला वाचून दाखवला आणि फर्स्ट इयरची माफी मागितली. ती म्हणाली, “मी विसरले होते गं.” ती विसरली नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. आता रोज जेवणानंतर ती मला मराठी परिभाषा शिकवते, मी तिची इंग्रजीतली ओरल्स घेते.

उत्तर अजून यायचंय. निवड होईल की नाही ठाऊक नाही. पण स्वाहिलीचे आकडे सुरू केलेत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलांना म्हणून दाखवले. मोजा, म्बिली, ताटू... एक, दोन, तीन.

मुलं खो खो हसायला लागली. “म्याडम, ‘मोजा’ म्हणजे एक?”

“हो.”

“आपल्याकडं तर मोजा म्हणजे मोजा!”

मग ‘पानी’वाला म्हणाला, “मंग सोपं हाय नं. मोजा म्हनलं का एकपासून सुरू करायचं.”

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)