फटफटीचें निदान

कळमनुरीच्या आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें नांदतात, आणि त्या अकरांच्या येण्याजाण्याचा बराचसा भार एका मोटरसायकलीवर आहे. चिरंजीव तिच्यावरून खेड्यांतल्या शाळेवर शिकवावयास जातात, नातू कॉलेजांत जातो, आणि आमचें कुटुंब नातवाच्या मागें बसून देवदर्शनास व नात्यागोत्यांत जाऊन येतें. आम्हीं मात्र ती कधीं चालविली नाहीं. आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची, व तीर्थरूपांपाशीं बसून केलेल्या थोड्याशा संस्कृताची. पुढील सारें आयुष्य मुलांस विभक्ति व समास शिकविण्यांत गेलें. असल्या माणसानें मोटरसायकलीच्या ब्रेकविषयीं लिहावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक प्रसंग असा घडला कीं, त्यानें आम्हांस यंत्राबद्दल थोडें आणि स्वतःबद्दल पुष्कळ शिकविलें. तो सांगण्यासारखा आहे.

आमच्या लहानपणीं गांवांत एखादी राजदूत किंवा बुलेट आली, कीं तिच्या आवाजानें पोरें वेशीपर्यंत धांवत. त्या आवाजावरूनच तिला फटफटी म्हणत, आणि आम्ही अजून तोच शब्द वापरतों. पुढें १९८५ सालीं हिरो होंडाची सी. डी. १०० निघाली, आणि तिच्यासारख्या हलक्या व कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या हळूहळू खेडोपाडीं पोंचल्या. आमची गाडी त्याच जातीची, दहा वर्षांची, पुढेंमागें दोन्ही ब्रेक ड्रमचे.

उन्हाळ्याच्या अखेरीस नातू म्हणाला, "आजोबा, मागचा ब्रेक उशिरा लागतो." आम्हीं पुस्तकांतून मान वर न करतांच उत्तर दिलें, "ब्रेक उशिरा लागत नाहीं, तूं उशिरा दाबतोस. वेग कमी कर." तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें पाना घेऊन ब्रेकच्या दांडीच्या टोकाचा नट दोन फेरे आवळला, आणि ब्रेक लागूं लागला. पंधरा दिवसांनीं पुन्हां तीच तक्रार, पुन्हां आमचें तेंच उत्तर, पुन्हां तोच नट. पुढें मृगाचा पाऊस पडला. एके सायंकाळीं गाडी अंगणांत येऊन उभी राहिली असतां सूनबाई दारांतून म्हणाली, "मामंजी, कांहींतरी करपल्याचा वास येतोय. शेगडीवर तर कांहीं नाहीं." आम्ही म्हणालों, "शेजाऱ्यांकडे असेल."

चार दिवसांनीं नातू आपल्या आजीस घेऊन आखाडा बाळापुराकडून परत येत होता. रस्ता ओला, त्यावर शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांनीं आणलेला काळा चिखल. समोर म्हैस आडवी आली, त्यानें पेडल दाबलें, मागचें चाक एकदम थबकलें आणि गाडी आडवी झाली. पोराचा गुडघा खरचटला. आमच्या कुटुंबाच्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें. घरीं येतांच आम्हीं किल्ली काढून घेतली व चारचौघांसमक्ष त्यास नाहीं नाहीं तें बोललों. "आजोबा, चाक जाम झालें," एवढेंच तो म्हणाला. आम्हांस ती सबब वाटली.

दुसरे दिवशीं वांकलेला फूटरेस्ट सरळ करून घ्यावा म्हणून आम्ही त्यालाच बरोबर घेऊन गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. सपाट रस्त्यावरही ती चढावर ढकलावी तशी जड लागत होती; परंतु त्याचाही अर्थ आमच्या ध्यानांत आला नाहीं. हा मिस्त्री आमचाच विद्यार्थी. शाळेंत असतां त्याची मजल देव शब्दाच्या पलीकडे कधीं गेली नाहीं, आणि त्यापायीं त्यानें आमच्या हातची छडीही खाल्ली होती. त्यानें फूटरेस्टकडे पाहिलेंच नाहीं. गाडी मेन स्टँडवर घेऊन न्यूट्रल केली आणि मागचें चाक हातानें फिरविलें. तें अर्धा फेराही फिरेना. मग त्यानें तीन प्रश्न विचारले. ब्रेक उशिरा लागतो असें केव्हांपासून? नट किती वेळां आवळला? जळका वास आला होता का? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आमच्या घरांत कोणी ना कोणी आधींच देऊन ठेविलीं होतीं, आणि प्रत्येकास आम्हींच गप्प बसविलें होतें.

त्यानें चाक काढून ड्रम उघडला. पेडल दाबलें, कीं दांडी ओढली जाते. दांडीनें बाहेरचा लहान दांडा वळतो. त्यासरशीं आंतली कॅम नांवाची चपट्या डोक्याची खुंटी फिरते. ती दोन अर्धचंद्राकृति शू फांकविते, आणि त्यांवरचें अस्तर, ज्यास मिस्त्री लोक लायनर म्हणतात, तें फिरत्या ड्रमला आंतून घांसतें. पाय उचलला कीं स्प्रिंगा शू मागें ओढतात. आमच्या गाडीचें अस्तर झिजून कागदासारखें झालें होतें. झीज भरून काढण्यासाठीं नट आवळत गेल्यानें कॅम अधिकाधिक वळत गेली. चिखलपाणी शिरून ती गंजली, वंगण तर वर्षानुवर्षें मिळालें नव्हतें. शेवटीं पाय उचलल्यावरही ती पुरती मागें येईना. ब्रेक सदां घांसत राहिला, तापला, वास आला. आणि ज्या दिवशीं जोरानें दाबला त्या दिवशीं कॅम वळली ती वळलेलीच राहिली. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, नट आवळल्यानं ब्रेक जवळ येतो, नवा होत नाहीं." नातू शेजारीं उभा होता. त्याच्याकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

घरीं येऊन आम्हीं माधवकराचें माधवनिदान काढून बसलों. तीर्थरूपांनीं त्यांतलीं निदानाचीं पांच अंगें आमच्याकडून घोकून घेतलीं होतीं: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. रोगाचें कारण, त्याची आगाऊ चाहूल, प्रगट लक्षण, उपाय करून पाहून होणारी परीक्षा, आणि कारणापासून रोगापर्यंतची वाट. हीं पांचही आमच्या अंगणांत येऊन गेलीं होतीं. झिजलेलें अस्तर व कोरडी कॅम हें कारण. उशिरा लागणारा ब्रेक हें पूर्वरूप. वास, उष्णता व जड चाक हें रूप. उपशय तर फारच सोपा होता: नट दोनतीन फेरे ढिला करून चाक मोकळें फिरतें का पाहावें. फिरलें तर दोष आवळण्याचा. न फिरलें तर दोष आंत, कॅमचा किंवा स्प्रिंगांचा. आणि संप्राप्ति म्हणजे पेडलपासून ड्रमपर्यंतची ती साखळी. एकेक कडी क्रमानें पाहत गेलें कीं चोर सांपडतो.

त्या दिवसापासून मिस्त्रीस विचारून आम्हीं जें टिपून ठेविलें, तें वाचकांच्या घरींही उपयोगीं पडेल. पेडल फार खालीं जात असेल तर अस्तर झिजलें आहे किंवा नट ढिला आहे. पुष्कळ गाड्यांत ड्रमच्या बाहेर एक बाण व एक खूण असते. ब्रेक पुरता दाबला असतां बाण खुणेपर्यंत पोंचला, तर नटास हात न लावतां शू बदलावेत. पेडलला थोडी मोकळीक असलीच पाहिजे. बहुतेक गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटर असते, नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत पाहावा. पेडल जागच्या जागीं लागूनही पकड नसेल, तर अस्तरास तेल-वंगण लागलें आहे किंवा तें तापून गुळगुळीत झालें आहे. पाण्यांतून गाडी काढल्यावर पकड कांहीं वेळ कमी होते. हळू चालवीत ब्रेक हलकेच दाबला कीं ओल जाते. पायाखालीं ठोके लागले तर ड्रम वेडावांकडा झाला आहे. लोखंड लोखंडावर घांसल्याचा आवाज आला तर अस्तर संपलें. मग गाडी पुढें नेऊंच नये. ड्रम उघडल्यावर आंतली धूळ तोंडानें कधींही फुंकूं नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, व तें फुप्फुसास घातक आहे.

ज्यांच्या गाडीस डिस्क ब्रेक आहे, त्यांचें दुखणें निराळें. तेथें दांडीऐवजीं द्रव काम करतो. द्रव दबत नाहीं, म्हणून हाताचा जोर तसाच चाकापर्यंत पोंचतो. परंतु नळींत हवा शिरली कीं ती दबते, आणि लिव्हर मऊ लागतें. लिव्हर दाबून धरलें असतां हळूहळू खालीं जाऊं लागलें तर कोठें तरी गळती आहे. ब्रेक ऑईल हवेंतली ओल शोषून घेतें. डॉट ४ जातीचें नवें ऑईल २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं, पण ओल धरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलण्याची चाल आहे.

वेग कमी कर, हा आमचा उपदेश खोटा नव्हता. ताशीं ४० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते, आणि संकट दिसून पाय दाबला जाईपर्यंत तो सेकंद निघून जातो. वेग दुप्पट झाला, कीं ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें. परंतु नातवानें आम्हांस उपदेश मागितला नव्हता. त्यानें एक लक्षण सांगितलें होतें. आम्हीं तें लक्षण न ऐकतां त्याचा स्वभाव ऐकला, आणि दर खेपेस त्यालाच दोन फेरे आवळलें. घरांत असे नट आम्हीं आयुष्यभर किती आवळले असतील, याचा हिशेब त्या रात्रीं आम्ही करूं लागलों, आणि त्यांत तो मिस्त्रीही आला, त्याच्या तळहातासह.

दुसरे दिवशीं सर्वांसमक्ष आम्हीं किल्ली नातवाच्या हातीं दिली. ज्यांच्यासमोर बोललों, त्यांच्यासमोरच चूक कबूल करणें आम्हांस योग्य वाटलें. तो गोंधळून म्हणाला, "असूं द्या, आजोबा." आमचें कुटुंब प्लास्टरचा हात गळ्यांत बांधून पाटावर बसलें होतें, तें हंसून म्हणालें, "मला आधीं विचारलें असतें तरी सांगितलें असतें. चाक थांबलें तेव्हां मी त्याच्यावरच बसलें होतें."

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं नातू चाक फिरवून पाहतो, आणि आम्ही चष्मा लावून बाण कोठवर आला तें वहींत टिपतों. वेगाबद्दल बोलणें आम्हीं सोडलेलें नाहीं. वृद्धांची खोड ती. मात्र घरांतलें कोणी कांहीं तक्रार घेऊन आलें, कीं पुस्तक मिटून आम्ही प्रथम विचारतों, "केव्हांपासून?"