पवळीनं खाल्लेला बैल

आमच्या देवगाव रंगारीच्या घरात पवळीचं नाव निघालं की आजी चुलीतलं लाकूड आपटायची. "ठकडी मेली! मपला बैल खाल्ला तिनं." पवळा कोण हे मला कळायच्या आधीच ती आमचा बैल खाऊन बसली होती.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आजा तरणाताठा. लासूरला बैल विकला अन् घरी यायचं सोडून गडी सरळ आगगाडीत बसला. मुंबईत पठ्ठे बापूरावांचा फड, त्यात पवळा. चार दिवसांनी आजा रिकाम्या हातानं परतला. हाली रुपये मोडले, साताचे सहा कलदार मिळाले, ते सगळे पवळीवर दौलतजादा केले, असं त्यानं सांगितलं. "बाई नुसती बघती, अन् हात आपसूक खिशात जातो," म्हणे.

पुढं शिकायला बाहेर पडलो, तेव्हा खरी पवळाबाई वाचण्यात आली. १८७० सालचा जन्म, संगमनेरजवळच्या हिवरगावचं महाराचं घर. तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या लुगडं नेसून करायचा, त्या बोर्डावर ती बाई म्हणून उभी राहिली. तीही कुलकर्णीपण सोडून आलेल्या बामणाच्या फडात. १९३९ साली गेली. एवढ्या हिमतीच्या बाईला आमच्या घरात एकच नाव होतं, ठकडी.

आजा शेवटच्या दुखण्यात पडला, तेव्हा मी पायाशी बसलो होतो. एकाएकी म्हणाला, "पवळा म्या पाह्यलीच न्हाई रे."

मनमाडला गाडी बदलायची होती. ठेसनाबाहेर एक जण फडकं अंथरून तीन पत्ते फिरवत बसलेला. पहिला डाव आजा जिंकला. दुसराही जिंकला. मग बैल गेला. तीन रात्री तिथंच फलाटावर काढल्या.

"मंग पवळीचं नाव कामून घेतलं?"

"पत्त्यात हारलो म्हणलं असतं तर गावानं येडा म्हणलं असतं. पवळीवर उधळला म्हणलं, तर लोक पारावर बोलवून चहा पाजायचे. इचारायचे, कशी दिसती रे?"

"मग काय सांगायचा?"

"सांगायचो कायबी. त्यांनी तरी कुठं पाह्यली व्हती?"

बाहेर ओसरीवर आजी ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला तसा आजा गप्प झाला. पुन्हा सुरू झाल्यावर हळूच म्हणाला, "तिला नको सांगू."

मी सांगितलं नाही. आजी पुढं अकरा वर्षं पवळीला शिव्या देत राहिली, अन् मी खाली मान घालून ऐकत राहिलो.