शेरा मारायला शिकवणारी शेजारीण

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात गेली. फाइल यायची, आकडे तपासायचे, टिप्पणी लिहायची आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’ लिहून ती वर पाठवायची. मत असायचं ते साहेबांचं. घरी टीव्हीचा रिमोट आधी सासऱ्यांकडे, मग यजमानांकडे आणि पुढे मुलांकडे. अशा बाईला चिनी दरबारी मालिकांविषयी ठाम, प्रसंगी भांडखोर मतं आहेत याचं माझ्या माहेरच्यांना अजून नवल वाटतं. ती मतं ज्यांच्यामुळे आली त्या सिंगापूरला राहतात, आणि त्यांच्या देण्याबद्दल एकदा नीट लिहायचं राहून गेलं होतं.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले तेव्हा तिचं भाड्याचं घर तोआ पायो भागात होतं, सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या एका जुन्या इमारतीत. मजल्यावर लांबच लांब सामाईक व्हरांडा, ओळीने दारं, प्रत्येक दाराला लोखंडी जाळी. दिवसा बरेच जण दार उघडं टाकून नुसती जाळी ओढून घेतात. शेजारच्या जाळीतून देव्हाऱ्याचा लाल दिवा दिसायचा आणि दुपारभर कुणाचं तरी रडणं, विनवणं, ओरडणं ऐकू यायचं. लेकीने सांगितलं, मालिका चालू असते. बाळ झाल्यावर त्या घरातल्या आजी वाळवलेल्या लाल बोरांचा गोड काढा घेऊन आल्या. मी अळिवाचे लाडू दिले. मी त्यांना तिथल्या रिवाजाप्रमाणे आंटी म्हणू लागले, त्या मला ‘पो पो’ म्हणू लागल्या. कँटोनीजमध्ये आईची आई म्हणजे पो पो. बाळाच्या नात्याने माणसाला हाक मारायची, हे मला अगदी घरचं वाटलं. पुढे बाळ-बाळंतीण झोपली की मी चप्पल घालून त्यांच्या जाळीशी उभी.

भाग संपला की आंटी पडदा थांबवत आणि माझ्याकडे वळून विचारत, “गुड ऑर नॉट?”

मी सवयीने “गुड, गुड” म्हणून टाकलं. तेवढ्यावर भागलं नाही. “व्हाय गुड?” कारण दिल्याशिवाय पुढचा भाग लागत नसे. माझं इंग्रजी बेतास बात, त्यांचं त्यांच्या वळणाचं; त्यामुळे कारण लहान आणि नेमकं असावं लागे. ‘ती खोटं बोलली, पण मैत्रिणीसाठी बोलली’ एवढंही चाले. ‘छान वाटलं’ मात्र चालत नसे. इतक्या वर्षांत मला कुणी कारणासकट मत विचारलं नव्हतं.

त्यांना स्वतःलाही हे सगळं टीव्हीसमोर बसूनच आलं होतं. आंटींचं घर कँटोनीज बोलणारं. 1979 मध्ये सिंगापूर सरकारने ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू केली आणि बघता बघता टीव्हीवरून बोलीभाषा गेल्या. हाँगकाँगच्या ज्या मालिका त्या आपल्या भाषेत बघत होत्या, त्याच एकदम मँडरिनमध्ये डब होऊन येऊ लागल्या. दिवसभर कारखान्यात शर्ट शिवायचे आणि रात्री टीव्हीसमोर बसून परकी भाषा शिकायची, असं त्यांनी केलं. म्हणून माझ्यासारखी एक अक्षर न कळणारी बाई शेजारी येऊन बसली याचं त्यांना काही वाटलं नाही. आधी माणसं बघ, खालची अक्षरं मग वाच, असं त्या सांगत. कोण बसलंय, कोण उभं आहे, चहा कुणी ओतला, कप खाली ठेवताना कुणाचा हात थरथरला. दरबारात कुणी मनातलं बोलत नाही, त्यामुळे अक्षरांच्या भरवशावर राहिलं तर अर्धी मालिका हातची जाते.

सुरुवात अर्थातच ‘चन ह्वान’पासून. 2011 ची मालिका, 76 भाग, दिग्दर्शक झंग श्याओलाँग, मुख्य भूमिकेत सुन ली. छिंग घराण्यातल्या योंगझंग बादशहाच्या अंतःपुरात आलेली एक शहाणी मुलगी राजमाता होईपर्यंतचा प्रवास. मला पहिले काही भाग ह्वा फेई या राणीचा भयंकर राग आला. माजोरडी, क्रूर, सरसेनापतीची बहीण म्हणून डोक्यावर बसलेली. मी “नॉट गुड” म्हटलं. आंटी म्हणाल्या, थांब. पुढे कळतं की तिच्या महालात रोज जळणारा तो खास सुगंधी धूप बादशहानेच दिलेला आहे आणि त्यात कस्तुरी आहे, तिला मूल होऊ नये म्हणून. सेनापतीच्या घराण्यातून वारस यायला नको, एवढंच त्यामागचं राजकारण. आणि बाई तो धूप नवऱ्याच्या प्रेमाची खूण म्हणून जाळत असते. खऱ्या इतिहासात निआन घराण्यातल्या त्या राणीला मुलं झाली होती, ती लहानपणीच गेली. धुपाची गोष्ट मूळ कादंबरीची. पण ज्या दिवशी ह्वा फेईला हे कळतं तो भाग बघून आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही. खलनायिकेवर चिडण्याआधी तिचं भांडण कुणी लावून दिलंय ते शोधावं, हे मी तिथे शिकले. सासू-सुनांच्या आपल्या मालिका त्यानंतर मला बघवल्या नाहीत.

जाता जाता एक. सुन लीचा तो आवाज, ज्याच्यावर मी भाळले होते, तो तिचा नाहीच. जी ग्वानलिन या डबिंग कलावतीचा आहे. हे कळल्यावर माझा उगाच मूड गेला. आंटी म्हणाल्या, चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, दोघी गुड.

खरी मेजवानी मात्र पुढची. 2018 च्या जुलैमध्ये ‘यान्शी पॅलेस’ आली आणि ऑगस्टमध्ये ‘रुयी’. दोन्हींचा बादशहा एकच, छ्येनलाँग. दोन्हींतल्या राण्याही त्याच, फक्त बाजू उलट्या. ‘यान्शी’ची नायिका वेइ यिंगलो, भरतकाम करणारी दासी, पुढे राणी, तिच्यापुढे खलनायिका म्हणून उभी राहते नारा घराण्यातली सम्राज्ञी. ‘रुयी’मध्ये तीच सम्राज्ञी नायिका आहे आणि वेइ घराण्यातली ती दासी कपटी. इतिहासात वेइ राणीचा मुलगा पुढे बादशहा झाला. नारा सम्राज्ञीने 1765 मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना हांगझौला स्वतःचे केस कापले. मांचू रिवाजात असे केस कापायचे ते बादशहा किंवा राजमाता गेल्यावर. नवरा जिवंत असताना कापणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं. दुसऱ्या वर्षी ती गेली आणि तिला सम्राज्ञीच्या इतमामाने दफनही केलं नाही. तिने केस का कापले हे कुठल्याही कागदावर नीट नाही. दोन्ही मालिका त्या कोऱ्या जागेत शिरल्या आहेत.

आंटींनी मला दोन्ही बघायला लावल्या. एक बघून शेरा मारायचा नाही, हा त्यांचा नियम. ‘यान्शी’चे 70 भाग झरझर जातात, यिंगलो एकेकाला धडा शिकवत जाते आणि बघणाऱ्याला गुदगुल्या होतात. चीनमध्ये गूगल चालत नाही, तरी त्या वर्षी गूगलवर जगात सर्वाधिक शोधली गेलेली मालिका हीच. माझं मत असं की ती चविष्ट आहे, पण नायिका हरतच नाही. जिला हरण्याची भीती नाही तिच्यासाठी जीव टांगणीला लागत नाही. आंटींना तिचे कपडे आवडायचे. आयुष्य शिवणयंत्रावर गेलेली बाई ती. भडक लाल-पिवळ्याऐवजी विटके निळे-राखाडी रंग, काठांवरचं भरतकाम, केसांत माळलेली रेशमी मखमलीची फुलं, हे सगळं पडदा थांबवून, पुढे सरकून बघायच्या. ‘रुयी’ उलट संथ, 87 भागांची, दुखऱ्या दाढेसारखी. झौ शुनने रुयी अशी केली आहे की तिच्या तोंडावरची एकेक रेष भागागणिक विझत गेलेली दिसते. लग्न तुटायला मोठं भांडण लागत नाही, हे तिच्याइतकं नीट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माझं मत रुयीला. आंटींचंही. तिथे आमचा वाद नव्हता.

जानेवारी 2019 मध्ये ‘बीजिंग डेली’ने अशा दरबारी मालिकांवर झोड उठवली: ऐषारामाचं आकर्षण, कटकारस्थानं, आजच्या नायकांकडे दुर्लक्ष वगैरे. वाहिन्यांवरची काही पुनःप्रक्षेपणं थांबली. मला हे पटत नाही. बादशहाचा महाल दाखवला म्हणजे त्याचा मोह पसरवला असं होत नाही. या चांगल्या मालिकांमध्ये महालातून कुणी सुखाने बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही. चन ह्वान राजमाता होते तेव्हा बोलायला तिच्याजवळ कोण उरलेलं असतं?

मग आली ‘लांग या बांग’, आणि आमचं बिनसलं.

2015 ची ही मालिका, 54 भाग, दिग्दर्शक काँग शंग आणि ली श्वे. घराणं काल्पनिक, लिआंग नावाचं. राजद्रोहाच्या खोट्या आरोपावरून 70,000 सैनिकांची एक फौज कापली जाते. सेनापतीचा तरुण मुलगा वाचतो आणि 12 वर्षांनी वेगळा चेहरा, वेगळं नाव आणि पार खचलेली तब्येत घेऊन राजधानीत परततो. हू ग या नटाचा 2006 मध्ये मोटार अपघात झाला होता, चेहऱ्याला जबर इजा झाली होती. तो चेहरा बदललेल्या माणसाची भूमिका करतो तेव्हा ते वेगळंच भिडतं. आंटी मात्र दहाव्या भागातच कंटाळल्या. “टू मेनी बियर्ड,” म्हणाल्या. सगळे पुरुष, सगळे बसून बोलतात, कपडे काळे.

मला ती सोडवेना. कारण या माणसाला गादी नको आहे, सूडही नुसता नको आहे. त्याला प्रकरणाची फेरचौकशी हवी आहे. रीतसर, दरबारात, नोंद होऊन. निर्दोष ठरवून नावं पुन्हा चढवायची आहेत. फायलींत आयुष्य काढलेल्या माणसाला यातली धग कळते. एक राणी त्याला ओळखते ते तलवारीवरून किंवा जुन्या जखमेवरून नाही. प्रवासवर्णनाच्या एका पुस्तकात त्याने समासात टिपा लिहिलेल्या असतात, आणि काही अक्षरांत एक रेघ मुद्दाम गाळलेली असते, कारण ती अक्षरं त्याच्या आईच्या नावातली. आईचं नाव पूर्ण लिहायचं नाही हा मान. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आमच्या पिढीच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

शेवटाकडे बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार भरतो. त्याची बहीण पुढे येऊन नवऱ्याने लिहून ठेवलेला कबुलीजबाब मोठ्याने वाचते. दरबार गोठतो. मग एक जण पुढे येऊन म्हणतो, माझं अनुमोदन. मग दुसरा. मग तिसरा, जो इतकी वर्षं गप्प होता. मी सभांची इतिवृत्तं खूप लिहिली आहेत. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. अनुमोदकाच्या जागी माझंही नाव कितीदा तरी पडलं असेल, मला न विचारता. अनुमोदन द्यायला माणूस जिवावर उदार व्हावा लागतो, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

भाग संपला. “गुड ऑर नॉट?” आंटींनी विचारलं आणि स्वतःच “नॉट” म्हणाल्या. मी म्हटलं, “गुड. तुमच्या चन ह्वानपेक्षाही गुड.” त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, “व्हाय?” माझं कारण संपेपर्यंत चहा निवला होता. त्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी तसं सांगितलं.

परत आल्यावर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामाच्या ठरावाला अनुमोदक म्हणून माझं नाव वाचलं गेलं. मी उठून विचारलं, कंत्राटाचे दुसरे दोन दर कुठे आहेत? ठराव पुढच्या सभेवर गेला. हे सेक्रेटरी अजून विसरलेले नाहीत.

आता आंटी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात. बोटं दुखतात म्हणून लिहीत नाहीत, आवाज पाठवतात. मी ‘मिंगलान’ सुचवली: सोंग काळातली, दासीपुत्रीचं जिणं नशिबी आलेल्या मुलीची, दुकानांच्या आणि शेतांच्या हिशेबवह्या तपासत ती घर ताब्यात घेते ते भाग तर मी लेखा विभागाला प्रशिक्षणात दाखवीन. त्यांनी ती बघितली आणि उत्तर पाठवलं, गुड, पण लांब. हौसेने, एक पैसा न घेता सबटायटल्स करणारे ‘विकी’ या मालिकांच्या संकेतस्थळावरचे अनोळखी लोक नसते तर मला यातल्या कितीतरी मालिका बघताच आल्या नसत्या, त्यांचेही उपकार इथेच नोंदवते.

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझं सांगणं असं. ‘लांग या बांग’ घ्या. पहिल्या तीन-चार भागांत नावं लक्षात राहणार नाहीत, कागद-पेन जवळ ठेवा आणि कोण कुणाचा मुलगा ते लिहून काढा. ‘यान्शी’ बघाल तर ‘रुयी’ही बघा, आणि दोन्ही संपेपर्यंत नारा सम्राज्ञीबद्दल काही बोलू नका. आंटींना विचाराल तर त्या ‘चन ह्वान’च पहिली सांगतील. त्या चुकतात.