चौकीच्या जागेत संग्रहालय

हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली या फुटबॉल क्लबाचं संग्रहालय ज्या जागेत आहे, तिथं खरं तर पोलीस चौकी व्हायची होती. मिलर्नटोर स्टेडियमचा एक स्टँड पाडून नवा बांधायचं चाललं होतं, तेव्हा त्याच्या पोटात चौकी बसवायचा बेत निघाला. पाठीराखे उसळले. आमच्या मैदानात पोलिसांचं बिऱ्हाड नको, म्हणाले. बरीच रस्सीखेच झाली, चौकीला दुसरीकडे जागा मिळाली, आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत क्लबाचा इतिहास मांडायचा म्हणून पाठीराख्यांनीच २०१२ मध्ये संस्था काढली. मी कोल्हापूरचा. फुटबॉलची मॅच म्हटली की शाहू स्टेडियमबाहेर पोलिसांची गाडी उभी असणारच, हे लहानपणापासून बघत आलेला. प्रेक्षकांनी चौकी होऊ दिली नाही, हे ऐकून मी तिकीट काढायच्या आधीच खूश झालो.

माझा भाचा तिकडं नोकरीला आहे. त्यानं आधीच बजावलं होतं, "मामा, कप बघायला मिळतील म्हणून येऊ नका. यांनी काय जिंकलेलंच नाही." ते खरंच आहे. क्लब १९१० चा, पण जर्मनीचं विजेतेपद एकदाही नाही, जर्मन कपही नाही. त्याच गावातला एचएसव्ही हा मोठा, श्रीमंत भाऊ युरोपचा कप जिंकून बसलेला. यांच्याकडे सांगायला काय, तर १९७७ मध्ये एचएसव्हीला त्यांच्याच मैदानावर २-० नं हरवलं होतं. ते मात्र सांगतात, अजून सांगतात.

मग भिंतींवर लावायचं काय? तर माणसं. १९८० च्या दशकात बंदराकाठी हाफेनस्ट्रास नावाच्या रस्त्यावरची रिकामी घरं तरुणांनी ताब्यात घेतली होती. शासनाला ती मोकळी करून हवी होती, पोलिसांशी झटापटी नित्याच्या. ही पोरं चालत चालत मैदानावर यायला लागली. त्याच काळात एचएसव्हीच्या स्टँडात नवनाझी टोळ्या घुसल्या होत्या. ज्यांना ते सोसेना, तेही इकडं सरकले. डॉक माबुझे या टोपणनावाच्या एका पंकनं शेजारच्या डोम जत्रेतून कवटीचा काळा झेंडा आणला, काठीला ठोकला आणि स्टँडात फडकवला, अशी कथा सांगतात. क्लबाचा रंग तपकिरी-पांढरा, पण आज जगभर तो ओळखला जातो कवटीनं. कुठल्या कमिटीनं ठराव केला नव्हता.

गोलकीपर फोल्कर इपिग याच हाफेनस्ट्रासवर राहायचा. निकाराग्वात जाऊन बांधकामावर राबून आलेला हा गडी मैदानात उतरताना मूठ वर करून लोकांना सलाम करायचा. त्याचा फोटो बघताना भाचा म्हणाला, "आपल्याकडं असता तर तालमीनं खांद्यावर घेतला असता." आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे.

मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो एका जीनच्या बिनबाह्यांच्या जॅकेटापुढं. पाठीवर, छातीवर, खिशावर, कॉलरच्या मागं, जिथं सुई शिरेल तिथं कापडी बिल्ले शिवलेले. काही मशीनवर, काही हातानं, घाईत घातलेल्या लांब लांब टाक्यांनी. एका बिल्ल्याचा कोपरा उसवलेला, त्याच्या खाली आधीचा दुसरा बिल्ला दिसत होता. डाव्या खिशाजवळ सिगारेटनं पडलेलं भोक. हे जॅकेट धुतलेलं नसणार, अशी मला पक्की शंका आहे. कुणाच्या तरी आईनं ते कितीदा फेकून द्यायला काढलं असेल!

शेजारी 'मिलर्नटोर रोअर' या पत्रिकेचे अंक. १९८९ मध्ये पाठीराख्यांनी स्वतः काढलेली. कापून चिकटवलेली अक्षरं, वाकड्या ओळी. मॅचच्या वर्णनाबरोबर स्टँडातल्या वंशद्वेषी आरोळ्यांविरुद्ध मजकूर. हा आरडाओरडा बंद करायला या लोकांनी पोलीस बोलावले नाहीत, आपल्याच माणसांशी भांडले आणि पुढं क्लबाच्या नियमातच अशा आरोळ्यांना बंदी घालून घेतली.

भांडण हा या क्लबाचा स्थायिभाव असावा. विल्हेल्म कोख हे तिथले अनेक वर्षांचे अध्यक्ष. १९७० मध्ये स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. ते नाझी पक्षाचे सभासद होते हे पुढं कागदोपत्री समोर आलं, आणि सभासदांच्या रेट्यानं १९९८ मध्ये नाव उतरवलं. त्याच क्लबात १९३३ मध्ये पाउल आणि ओटो लांग या ज्यू भावांनी रग्बीची शाखा काढली होती, आणि लवकरच त्यांना क्लब सोडावा लागला. हे सगळं ते स्वतःच सांगतात, आडपडदा न ठेवता. एकदा दिलेलं नाव उतरवणं किती अवघड असतं हे आपल्याला काय सांगायला हवं?

२००२ ची गोष्ट मात्र कुणीही हसत हसतच सांगतो. बायर्न म्युनिक तेव्हा क्लबांचा जगज्जेता. ६ फेब्रुवारीला सांक्ट पाउलीनं त्यांना २-१ नं हरवलं आणि 'जगज्जेत्यांना हरवणारे' असे टीशर्ट छापले. त्याच हंगामात हे तळाला राहून खालच्या वर्गात गेले. पुढच्या वर्षी आणखी खाली, आणि तिजोरीत खडखडाट. तेव्हा 'तारणहार' असं लिहिलेले टीशर्ट विकून पैसा उभा केला. वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यांनी बिअरच्या प्रत्येक ग्लासामागं अर्धा युरो क्लबाला दिला, म्हणजे पिणं हेच समाजकार्य! शेवटी ज्यांना हरवलं होतं ते बायर्नच मदतीचा सामना खेळायला आलं, आणि त्यांचे व्यवस्थापक उली होनेस तो तारणहाराचा टीशर्ट घालून उभे राहिले.

एक गोष्ट मला खटकली. कवटी आता दुकानात लहान बाळांच्या झबल्यावरही मिळते. बंडाचा झेंडा चांगला खपतो. पण इथंही पाठीराखे गप्प बसलेले नाहीत. स्टँडातल्या एका आलिशान खोलीत मॅच चालू असताना बायका नाचवायचा प्रकार सुरू झाला, तेव्हा २०११ च्या सुरुवातीला सगळं मैदान लाल कवट्यांच्या झेंड्यांनी भरून त्यांनी आपल्याच क्लबाला धारेवर धरलं होतं. २०२४ मध्ये संघ पुन्हा पहिल्या वर्गात आला तेव्हा क्लबानं सहकारी संस्था काढून स्टेडियमचे भाग सामान्य माणसांना विकायला काढले. सहकार म्हटल्यावर माझे कान टवकारले, साखर कारखान्याच्या जिल्ह्यातला ना मी!

तिथं स्वयंसेवक म्हणून बसलेल्या बाईंनी आम्ही कुठले विचारलं. मी फोनवर आमचे फोटो दाखवले: स्टँडातली गर्दी, हलगी, वर्ल्डकपच्या वेळी चौकाचौकात उभे राहिलेले मेस्सी-नेमारचे कटआउट. संघ तालमींचे आहेत, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांचे, हे कळल्यावर त्यांनी खुर्ची ओढून घेतली. कोण कुणाच्या विरुद्ध, भांडणं का होतात, बाया मॅचला येतात का, सगळं विचारलं. बाया कमी येतात, हे सांगताना मी जरा चाचरलो. मग त्यांनी विचारलं, जुने झेंडे, पत्रकं, फोटो कुठं ठेवता?

कुठं ठेवणार? काही कुणाच्या तरी माळ्यावर, काही फोटो तालमीच्या भिंतीला, फ्लेक्स पावसाळ्यात पत्र्यावर. बाईंनी कागदावर त्यांचा पत्ता लिहून दिला. एखादा झेंडा पाठवा, म्हणाल्या, आम्ही जपून ठेवू.

बाहेर पडल्या पडल्या भाचा म्हणाला, "पाटाकडील तालमीचा पाठवूया. मी बाबांना सांगतो." ही तालीम मंगळवार पेठेतली, त्याच्या बापाचं घर तिथंच. मी समोरच्या गोटातल्या शिवाजी पेठेतला.

"पत्ता माझ्या खिशात आहे," मी म्हटलं.

स्टेशनपर्यंत आमचा वाद चालला. गाडीत बसल्यावर त्यानं तडजोड सुचवली, दोन्ही पेठांचे झेंडे एकाच पार्सलात पाठवू. एकाच पार्सलात! हे पेठेत कळलं तर मला घरी जेवायला कोण वाढणार?