पाण्यात जात किती मिलिग्रॅम?



मागच्या उन्हाळ्यात आम्ही बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत अकरावीच्या मुलांना द्रावणे शिकवत होतो. एक लिटर द्रावणात द्राव्याचा एक मोल असेल तर ते एक मोलर. एका मुलीने विचारले, "दादा, हे सीईटीपुरतेच ना? आपल्याला पुढे काय उपयोग?" त्या दिवशी आमच्याकडे चांगले उत्तर नव्हते.

उत्तर तिच्या आईच्या अंगावर आले. ताई एका मोठ्या इमारतीत संडास साफ करतात. डाग निघेना, तेव्हा सुपरवायझर म्हणाला, ब्लीचिंग पावडर टाकली आहे, वरून ॲसिडही ओता. दार बंद, खिडकी नाही. क्षणात छाती आवळली, डोळ्यांतून पाणी. कशाबशा बाहेर पडल्या म्हणून वाचल्या. दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. ठपका मात्र त्यांच्यावरच आला: "अडाणी आहे, जास्त टाकले असेल."

पुढच्या रविवारी आम्ही पुस्तक मिटले आणि तीच घटना फळ्यावर मांडली. ब्लीचिंग पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोराइट आयन तयार होतात. पाणी अल्कधर्मी आहे तोवर ते पाण्यातच राहतात. आम्ल ओतले की हायड्रोजन आयन वाढतात. मग हायपोक्लोराइट, क्लोराइड आणि आम्ल यांच्या अभिक्रियेतून क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. म्हणजे चूक "जास्त टाकण्याची" नव्हती. जे कधीच एकत्र करायचे नाही, ते एकत्र करायला सांगितले होते. डब्यावर इशारा होता, पण बारीक इंग्रजी अक्षरांत.

हीच पावडर योग्य प्रमाणात जीव वाचवते. १००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची साधारण २.५ ग्रॅम पावडर, आणि किमान एक तास थांबायचे. त्या मुलीने वस्तीतली विहीर मोजली: व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर. म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर पाणी आणि ९४ ग्रॅम पावडर. आजवर अंदाजाने मुठी टाकल्या जात होत्या. आता वही उघडून, वजन करून टाकतात. तिचा प्रश्न तिनेच सोडवला.

आता शुद्धतेचा जुना हिशेब बघू. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळे "बाटले" म्हणून सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्र म्हणून परत तळ्यात ओतले. रसायनशास्त्राला विचारा. ओंजळीने पाणी पिणाऱ्याची जात पाण्यात विरघळत नाही. शेणात जंतू असतात. मूत्रात युरिया असतो, त्याचा अमोनिया होतो आणि पुढे नायट्रेट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, फ्लोराइडची १ मिलिग्रॅम. जातीचा रकानाच नाही, कारण तिला एकक नाही. ज्याला एकक नाही, ते मोजता येत नाही. जे मोजता येत नाही, त्याच्या नावावर माणसाला पाण्यापासून हाकलणे ही निव्वळ सत्ता आहे. तळे सार्वजनिक आहे, हे मुंबई उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, विज्ञान कॉलेजात शिका, चळवळीत कशाला? आम्ही विचारतो, संडासात आणि गटारात कोणाला उतरवले जाते? गटाराच्या पाण्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड गाळ ढवळताच वायू होऊन वर येतो. हवेत त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की नाकाला वास येणेच बंद होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते आणि माणूस खाली उतरतो. २०१३ चा कायदा आहे, तरी माणसे मरतातच. मग तो "अपघात" कसा?

म्हणून मोजमाप हा आपल्या लढ्याचा भाग आहे. सफाई कामगारांना काय कशात मिसळायचे नाही हे मराठीत, मोठ्या अक्षरांत सांगा. हातमोजे, मास्क आणि वायू मोजणारे यंत्र मागा. नसेल तर काम नाकारा, आणि नाकारणाऱ्याच्या पाठीशी संघटना म्हणून उभे राहा.

ताई आता ॲसिडची बाटली हातात घेण्याआधी विचारतात, "अगोदर काय टाकलंय?" सुपरवायझरला राग येतो. येऊ द्या. हा प्रश्न लेकीने आईला शिकवला आहे. तुमच्या वस्तीतही तो शिकवा.

जय भीम! जय संविधान!