भाताला थंडी वाजते

विरारची थंडी म्हणजे पहाटेच्या लोकलमध्ये चार जण स्वेटर घालून दिसतात, एवढीच. पारा पंधरा-सोळावर आला की आम्ही स्टेटस टाकतो. या थंडीनं कुणाचं नुकसान होत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मामाचं शेत वसई तालुक्याच्या पूर्वेला, तानसा नदीच्या काठी. पावसाळ्यात भात, मग उरलेल्या ओलीवर वाल, हा तिथला नेम. त्या वर्षी मात्र कापलेलं भात शेतात आडवं असताना परतीचा पाऊस आला आणि दाण्यांना तिथेच कोंब फुटले. मामेभाऊ म्हणाला, "बाबा, आता जमीन गाळ्यांना देऊन टाकू." मामानं एका हंगामाची मुदत मागितली. "नदीला पाणी आहे, पंप आहे. उन्हाळी भात करून बघतो."

डिसेंबरअखेर त्यानं बी टाकलं. जानेवारीत मी गेले, तर निम्मं बी मातीतच होतं आणि उगवलेली रोपं पिवळी पडली होती. मामा बांधावर बसला होता. "पावसाळ्यात हेच बी चार दिवसांत वर येतं गं. माझंच काहीतरी चुकलं."

बॉटनी शिकलेली भाची गप्प बसली. परतताना ट्रेनमध्ये मोबाइलवर वाचत राहिले.

भाताची दोन मोठी घराणी. इंडिका उष्ण प्रदेशातलं, आपल्याकडचे बहुतेक भात त्यातले. जॅपोनिका थंडीत तगणारं, पार जपानच्या होक्काइडोपर्यंत पोचलेलं. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी 'कोल्ड-१' हे जनुक शोधलं. त्याचं प्रथिन पेशीच्या पडद्यावर असतं. थंडी लागली की कॅल्शियम पेशीत शिरतं आणि तोच बचावाचा निरोप ठरतो. जॅपोनिकात या जनुकात एका जागी 'ए' हे अक्षर आहे, इंडिकात तिथे 'टी' किंवा 'सी'. एवढ्यानं निरोप कमजोर होतो. उगवणीचं जनुक वेगळंच. जपानी संशोधकांना ते २००८ मध्ये एका इटालियन वाणात सापडलं. ते कोंबावरचं आवरण सैल करतं, म्हणून थंडीतही कोंब बाहेर पडतो.

'कोल्ड-१'मधलं ते 'ए' चीनच्या रानटी भातातून आलेलं आहे. थंड मुलखातल्या शेतकऱ्यांनी जे रोप तगलं, त्याचंच बी राखलं. पिढ्यानपिढ्या तेच. बी तर आमच्याकडेही राखलं गेलं, पण पावसासाठी, चवीसाठी. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम आमच्याच जिल्ह्यातला. जूनमध्ये पेरायच्या भाताला थंडीची परीक्षा कुणी घ्यावी?

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग ते जपानचं बी मिळेल का?"

ते इतकं सोपं नाही. थंडी सोसण्यात कितीतरी जनुकांचा हात असतो. आणि होक्काइडोचा भात इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात कसा तरेल? संकर करायचा, पिढ्या तपासायच्या, यात वर्षं जातात. मामाकडे एक हंगाम होता.

म्हणून आम्ही थंडीच कमी करायचं ठरवलं. बी भिजवून, गोणपाटाखाली उबेत कोंब आणून मग टाकलं. संध्याकाळी वाफ्यात पाणी भरायचं, सकाळी काढून टाकायचं, म्हणजे रात्री मुळं उबेत राहतात. वर रात्रीपुरता प्लास्टिकचा कागद. दुसऱ्या खेपेची रोपं हिरवी आली. सगळ्या शेताला पुरली नाहीत, निम्म्यात आवणी झाली. उरलेलं निम्मं तसंच पडलं. गाळेवाल्याचा माणूस येऊन तेवढंच बघून गेला.

मी आता अंधेरीहून परतीची लोकल पकडते, तेव्हा रोज मामाचा फोन येतो. पूर्वी विचारायचा, जेवलीस का? हल्ली आधी विचारतो, "उद्या पहाटे किती डिग्री दाखवतंय गं?"