वहीचे शेवटचे पान

गेल्या चातुर्मासात माझ्या नातीने एकासने धरली, तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. वय वर्षे चौदा, इयत्ता नववी. शाळा, शिकवणी, सायकलवरची धावपळ, आणि त्यात दिवसातून एकदाच बसून जेवण. स्थानकात महासतीजींकडून पच्चक्खाण घेऊन ती घरी आली, त्या दिवशी मी सुरतच्या नणंदेला आणि जालन्याच्या बहिणीला आवर्जून फोन केले. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तिचा फोटो मीच टाकला. त्याखाली ‘खूप खूप अनुमोदना’ची रांग लागली. पर्युषणात तिने दोन उपवासही केले. संवत्सरी झाली, सर्वांची पारणी झाली आणि घर पुन्हा नेहमीच्या जेवणावर आले. ती मात्र आली नाही.

विचारले की म्हणायची, “दादी, ऊणोदरी करतेय.” ऊणोदरी म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, बाह्य तपाच्या सहा प्रकारांपैकी एक. हे तिला पाठशाळेच्या दिवसांत मीच शिकवलेले. त्या शब्दापुढे आमच्या घरात कोण काय बोलणार? माझी सून एकदा हळूच म्हणाली, “मम्मी, ही फार वाळलीय हो.” मी उत्तर दिले, “तपाचं तेज आहे ते.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

दिवाळीनंतर तिला सारखी थंडी वाजू लागली. आमच्याकडे बार्शीला तेव्हा फारशी थंडी नसते. ती मात्र दुपारीही स्वेटर घालून बसे. फणीत केसांचे पुंजके दिसत. हातातले कडे कोपरापर्यंत वर सरके. दोन महिने तिची पाळी आलेली नाही, हे सुनेला ठाऊक होते. ‘या वयात होतं असं’ म्हणून आम्ही दोघींनी ते सोडून दिले. प्रत्येक गोष्टीला वेगळे कारण सापडत होते. सगळ्या गोष्टी एका ओळीत मांडून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही. आणि मांडणी तपासणे हे तर माझे आयुष्यभराचे काम.

मार्केट यार्डात आमचे कडधान्यांचे आडतीचे दुकान आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुकानाचे जीएसटीचे कागद मी पाहते. एका संध्याकाळी बेरजा करायला कच्चा कागद हवा होता, म्हणून तिच्या टेबलावरची जुनी वही ओढली आणि मागून उघडली. शेवटच्या पानावर दोन रकाने होते. डावीकडे तारखा, उजवीकडे आकडे, तीस-पस्तीस ओळी, सुवाच्य अक्षरात. चौतीस वर्षे खातेउतारे पाहिलेल्या माझ्या नजरेला ते क्षणभर कोणाचे तरी बचत खातेच वाटले. रोज थोडी थोडी उचल, भरणा एकदाही नाही. मग लक्षात आले की दशांशचिन्हानंतर दोन-दोन अंक आहेत. घरात वजनकाटा नाही. मग इतके बारीक वजन सांगणारा काटा कोठे आहे, हे आडत्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. दुपारी हमाल जेवायला बसले की डबा पोचवण्याच्या निमित्ताने ती दुकानात जाई आणि गोदामात तुरीची पोती ज्या काट्यावर चढतात, त्या काट्यावर उभी राही.

त्याच पानावर कोरियातील एका गायिकेचे छोटे चित्र चिकटवलेले होते आणि शेजारी दिवसभरातील तीन खाण्यांची यादी होती. गायिका अमुक कार्यक्रमाआधी एवढ्यावरच राहिली होती म्हणे. यादीत रताळे होते. कंदमूळ आमच्या घरात येत नाही, म्हणून नातीने त्यावर काट मारून ‘मूग, अर्धी वाटी’ असे लिहिले होते. त्या दुरुस्तीने मला रडू आले. मुलगी स्वतःची उपासमार करीत होती आणि त्यातही घरचा नियम मोडत नव्हती.

पुढे असे कळले की त्या गायिकेने स्वतःच काही वर्षांनी आपल्याला खाण्यासंबंधीचा आजार जडला होता असे जाहीरपणे सांगितले होते. पण ते सांगणे यादीच्या मागे राहिले. यादी मात्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर अजून फिरते आहे.

त्या रात्री गच्चीवर मी तिला विचारले. रागावले नाही, ते माझे शहाणपण नव्हे, मी घाबरले होते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादी, लेहंग्याचं आठवतं?” मला आठवेना. तिने आठवण दिली. वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न होते. शिंप्याकडे लेहंग्याचा हूक लागेना, तेव्हा चार बायकांदेखत मी म्हणाले होते, “आत्तापासून ही तऱ्हा, तर परिचय मेळाव्यापर्यंत काय होणार?” सगळ्या हसल्या होत्या. तीही हसली होती म्हणे. घरी येऊन तिने फोनवर ‘कंबर कमी कशी करावी’ असे काहीतरी शोधले आणि त्या दिवसापासून फोन तिला तेच दाखवीत राहिला.

फोनचे हे वागणे माझ्या वयाच्या माणसांना नीट समजत नाही, म्हणून सांगते. दुकानात गिऱ्हाइकाने एकदा हरभरा विचारला तर आपण दुसऱ्या वेळी त्याच्यापुढे हरभरा काढतो. पण तो नको म्हणाला तर थांबतो. फोन थांबत नाही. मुलगी ज्या चित्रापाशी चार क्षण रेंगाळली, तसली शंभर चित्रे तो तिच्यापुढे ठेवतो. २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकी वृत्तपत्राने फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणली. दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची आपल्या शरीराविषयीची नाराजी इन्स्टाग्राममुळे वाढते, असे त्या कंपनीच्याच माणसांनी आपल्या वरिष्ठांसाठी लिहून ठेवले होते. बँकेत ऑडिटरने असा शेरा मारला असता तर आमची झोप उडाली असती.

मला मात्र त्या दिवसांत वारंवार एक जुना आवाज आठवत होता. पुण्यात एम.कॉम. करीत असताना वसतिगृहातील एका मैत्रिणीकडे ‘कार्पेंटर्स’ या अमेरिकी बहीण-भावाच्या गाण्यांची कॅसेट होती. शब्द अर्धेमुर्धे कळत, पण कॅरन कार्पेंटरचा तो खालच्या पट्टीतला, जवळ बसून बोलावे तसा आवाज मनात उतरे. ही मुलगी मुळात ड्रम वाजवणारी. ड्रमच्या मागे बसून गाण्यात तिला सुख होते. प्रसिद्धी वाढली तसे तिला पुढे, प्रकाशात, माइकपाशी उभे केले गेले. त्यानंतर ती खंगतच गेली. १९७५ मध्ये अशक्तपणामुळे तिचा परदेश दौरा रद्द करावा लागला. १९८२ मध्ये न्यूयॉर्कला राहून तिने उपचार घेतले, रुग्णालयात वजन वाढलेही. पण ४ फेब्रुवारी १९८३ रोजी कॅलिफोर्नियात आईवडिलांच्या घरी ती कोसळली आणि तिचे हृदय बंद पडले. वय ३२. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव अमेरिकेतील साध्या घरांत पोचले ते बहुतांशी तिच्या मरणामुळे.

त्या वर्षी मी बँकेत नवीन होते. ती कशाने गेली हे मला कित्येक वर्षांनी कळले, आणि तेव्हा वाटले होते की हे सगळे श्रीमंत देशांतले दुखणे. आपल्याकडे कोण असे करील.

हा माझा भ्रम सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी घालवला. त्यांनी वाचायला दिलेल्या मजकुरात फिजी बेटांवरील एका अभ्यासाची हकिकत होती. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तो केला होता. तेथील मूळ रहिवाशांत भरल्या अंगाची माणसे देखणी मानली जात, आणि घरच्या मुलीची भूक मंदावली की सारे घर काळजीत पडे. वाचताना मला आमचेच स्वयंपाकघर दिसत होते. १९९५ मध्ये त्या भागात दूरदर्शन संच आले. त्या वर्षी तपासलेल्या शाळकरी मुलींपैकी एकीनेही वजनासाठी ओकारी काढल्याचे सांगितले नव्हते. १९९८ मध्ये शेकडा अकरा मुलींनी सांगितले. पडद्यावरच्या परदेशी नट्यांसारखे दिसायचे होते त्यांना. मधे फक्त तीन वर्षे.

नातीशी याविषयी बोलू लागले तेव्हा मला वाटले होते की मी तिला शिकवते आहे. प्रत्यक्षात तिलाच बरेच ठाऊक होते. तिने सांगितले की मेगन ट्रेनर नावाच्या गायिकेने २०१६ मध्ये आपल्याच नव्या गाण्याची चित्रफीत प्रसिद्ध झाल्याबरोबर मागे घेतली होती, कारण तीत तिला न विचारता तिची कंबर संगणकावर बारीक केलेली होती. ती मूळ कंबरेसह पुन्हा प्रसिद्ध झाली. टेलर स्विफ्टने २०२० च्या माहितीपटात कबूल केले की स्वतःचा एखादा फोटो पाहून पोट सुटल्यासारखे वाटले की ती जेवण तोडत असे. मी विचारले, “एवढं सगळं माहीत होतं, मग?” ती म्हणाली, “माहीत असून काय, दादी? त्या सांगतात तेव्हाही बारीकच असतात.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

आणि गायिकांना बोल लावताना माझी जीभ अडखळते. समाजाच्या परिचय पुस्तिकांचे फॉर्म मी माझ्या मुलीसाठी भरले, भाच्यांसाठी भरले. मी भरलेल्या फॉर्मांत उंचीशेजारी वजनाचा रकाना होता आणि एका भाचीच्या नावापुढे मी चार किलो कमी लिहिले होते. तारणाच्या मालाचे मूल्य फुगवून दाखवणाऱ्या कर्जदाराला ज्या हाताने मी कर्ज नाकारले, त्याच हाताने. दुकानात बसून ‘स्थळ चांगलं आहे, पण मुलगी अंगानं जरा...’ असे अर्धवट सोडलेले वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकले आणि किती जणांना ऐकवले, त्याचा हिशेब नाही. मुलाच्या पोटाविषयी असे वाक्य मी ऐकल्याचे स्मरत नाही. आमच्या व्यापारी घरांत पोट ही बरकतीची खूण. सेऊलमधल्या मुलीचे गाणे बार्शीतल्या मुलीच्या मनात इतके खोल उतरले, ते जमीन आम्ही नांगरून ठेवली होती म्हणून. वर मुलगी जेवत नाही हे दिसत असताना त्याला तप म्हणून हार घालणारेही आम्हीच.

डॉक्टरीणबाईंकडे जाण्याआधी आम्ही महासतीजींकडे गेलो होतो. नातीला भीती होती की नियम मोडला म्हणून त्या रागावतील. त्यांनी तिला शांतपणे विचारले, “बेटा, एकासन करताना आरशात किती वेळा पाहत होतीस?” ती खाली पाहू लागली. त्या म्हणाल्या, देहावरची आसक्ती सुटावी म्हणून तप असते. येथे तर ध्यान सारे देहावरच. आईवडील आणि डॉक्टर सांगेपर्यंत तिने कोणतेही पच्चक्खाण घ्यायचे नाही, असे त्यांनीच सांगितले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “दादीजी, फोटो कोणी पाठवले होते?”

उपचार चालू आहेत. दर पंधरा दिवसांनी सोलापूर, तेथे रक्ताची तपासणी, हृदयाचा आलेख, आणि नंतर तासभर समुपदेशक. वजन वाढले म्हणजे आजार गेला असे समजू नका, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावले. कॅरनची गोष्ट ठाऊक असल्याने मला ते पटवून द्यावे लागले नाही. वजन तेथे पाठमोरे उभे करून घेतात, आकडा तिला सांगत नाहीत. घरात कोणाच्याही अंगाविषयी चांगले वा वाईट, काहीही बोलायचे नाही असा दंडक आहे. तो पाळणे चौविहारापेक्षा अवघड आहे. पाहुणे दारात पाऊल टाकतात आणि पहिले वाक्य तेच येते, “अगं, किती वाळलीस!” किंवा “आता जरा बरी दिसायला लागलीस.” दोन्हींनी ती दोन दिवस मागे जाते. मुलाने गोदामाला दुपारचे कुलूप घातले. हमालांना कारण सांगितलेले नाही. काही दिवस चांगले जातात. परवा तिने ताट तसेच ठेवले आणि सून न्हाणीघरात जाऊन रडली.

तिचे नाव येथे घातलेले नाही. लेख मात्र तिला विचारून लिहिला आणि लिहून झाल्यावर वाचायला दिला. पहिल्या खर्ड्यात मी वहीतले पहिले आणि शेवटचे वजन लिहिले होते. तिने पेन्सिलीने दोन्ही आकडे खोडले. “कुणीतरी मुलगी वाचेल आणि स्वतःचं मोजायला जाईल,” म्हणाली. आणखी एक गोष्ट तिने लिहायला लावली, ती तिच्याच शब्दांत देते: ती गायिका अजून आवडते आणि तिची गाणी चांगली आहेत, दादीने एकदा नीट ऐकावीत.